अर्ध्या डोंगरावरून परत

महाराष्ट्र राज्य नवं झालं त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा माझी देवीवर फार श्रद्धा होती असं लोक समजतात. खरं सांगायचं तर श्रद्धा नव्हती, नुसती भीती होती. आम्ही आर्णीजवळच्या एका खेड्यात राहत होतो. यजमान कापसाच्या जिनात कामाला होते. त्यांना क्षय झाला. यवतमाळला नेलं, सुया झाल्या, घरी आणलं, आणि उन्हाळा सरता सरता खोकल्यातून रक्त पडायला लागलं. येणारा प्रत्येक जण खाटेपाशी उभा राहून म्हणायचा, "तोंडावर तेज आलं आता. दिवाळीले तुमी हिंडून फिरून राहाल." दारातून बाहेर पडला की तोच माणूस माझ्याकडे बघत नसे. मीही यजमानांना तेच सांगायची, आणि तेही मान डोलवायचे.

सासूबाईंच्या सांगण्यावरून मी नवस बोलले. घटस्थापनेच्या दिवशी अनवाणी, पोटात अन्नाचा कण न घेता, प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत देवीचा गड चढायचा आणि नवरात्राचे नऊ दिवस वर देवळातच बसून राहायचं. आमच्या भागात नुसतं गड म्हटलं की कुठला ते विचारावं लागत नाही. गावातल्या बायांबरोबर बैलगाडीनं निघाले. निघताना यजमानांनी विचारलं, "नऊ दिवस?" मी म्हटलं, "तुमच्यासाठीच जाऊन राह्यली."

सकाळी चढायला लागले. बरोबरच्या बाया पुढे निघून गेल्या, कारण मला प्रत्येक पायरीला वाकायचं होतं. पहिल्या शंभरेक पायऱ्यांपर्यंत अंगात उसना जोर होता. मग मांड्या थरथरायला लागल्या. आश्विनाचं ऊन डोक्यावर आलं, दगड तापले, टाचांच्या भेगांतून रक्त यायला लागलं. वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, उभं राहिलं की पोटातून कळ यायची. त्याहून वाईट होतं ते मनातलं. एक पायरी चुकली तर त्यांचा एक श्वास कमी होईल असं मी मनाशी घेऊन बसले होते. एके ठिकाणी कुंकू लावलं की नाही ते आठवेना, म्हणून चार पायऱ्या उतरून पुन्हा लावून आले. रडूही येत नव्हतं. उतरणारे लोक हसतमुखानं सांगत होते, "आलंच बाई, हे काय, वळणापलीकडंच." वळण झालं की पुढे तेवढाच डोंगर. गडावर असं सांगायची रीतच आहे. चढणाऱ्याला खरं अंतर कुणी सांगत नाही, आणि त्यात वाईट असं काही नाही. पण त्या दिवशी प्रत्येक "आलंच" ऐकताना मला आमच्या खाटेपाशी उभे राहणारे लोक दिसत होते.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका पायरीवर हात टेकून बसले असताना मनात आलं की जे व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणजे मला वर जावं लागणार नाही. त्यांच्यासाठी निघालेली मी, त्यांच्याच मरणाची वाट बघायला लागले होते. त्यानंतर उठायचा धीर झाला नाही. वर जायला तोंड नव्हतं आणि खाली जाण्याइतकं बळ नव्हतं.

तेवढ्यात गवताचा भारा घेऊन एक बंजारा बाई वरून आली. म्हातारी होती. भारा कठड्याला टेकवून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी विचारलं, "किती राहिलं?" ती म्हणाली, "लय राह्यलं. अर्धं बी नाही झालं तुहं. या पायानं आज नाही होत."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला नाही म्हणालं होतं. मला बांध फुटल्यासारखं रडू आलं. ती शेजारी बसली. कोणासाठी चाललीस, काय दुखणं आहे, रगत किती दिवसांपासून पडते, असं एकेक विचारत गेली. मी सगळं सांगितलं.

"मंग नाही रायत तो," ती म्हणाली. "माहा नवरा बी असाच गेलता. मी जंगलात लाकडं तोडाले गेलती तवा."

"मी वर नऊ दिवस बसणार आहे," मी म्हटलं.

"याडीपाशी बसाले लोकं लय आहे," वर देवळातल्या देवीआईकडे हात करून ती म्हणाली. "त्याच्यापाशी कोन आहे?"

मग तिनं एका हातानं भारा आणि दुसऱ्या हातानं मला धरून खालपर्यंत आणलं. आर्णीकडे निघालेल्या एका गाडीत बसवलं आणि निघून गेली. ती देवीच होती असं सांगणाऱ्या बाया मला पुढे भेटल्या. मी तसं म्हणत नाही. तिच्या टाचाही माझ्यासारख्याच फुटलेल्या होत्या. पण तिला त्या वळणावर कुणी पाठवलं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले. नवस मोडला म्हणून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. यजमानांनी विचारलं, "इतक्या लवकर कशी आली?" मी म्हटलं, "वर गेलीच नाही. तुमच्यापाशी बसाले आली." त्यांनी सरकून खाटेवर मला जागा केली. मग म्हणाले, "मी वाचत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "तुले कसं सांगावं म्हणून गप्प होतो."

आठव्या माळेला दुपारी ते गेले. शेवटचं पाणी माझ्या हातानं प्यायले. ठरल्याप्रमाणे सगळं झालं असतं तर त्या वेळी मी गडावर घटापुढे हात जोडून त्यांचं आयुष्य मागत बसले असते. त्यानंतर गडावर जाणं झालं नाही. देवीचा मुखवटा मी अजून पाहिलेला नाही, आणि तिच्यावर माझा राग नाही. माझ्या हातून जो नवस मोडला तो तिनं तिच्या पद्धतीनं सावरून घेतला, असं मी मानते. तिच्याकडे मी त्यांचं सगळं आयुष्य मागितलं होतं. मिळाले सहा दिवस, आणि त्या सहा दिवसांत आम्ही एकमेकांशी एकदाही खोटं बोललो नाही.