सैल हाताची बनुकाकी

बनुकाकीला साखर आहे हे गावात सगळ्यांत आधी मला कळलं. मी आमच्या गावची आशा सेविका. शिराळ्यापासून आत, डोंगराच्या कडेला आमचं गाव. त्या दिवशी उपकेंद्रात तपासणी होती. नर्सबाईंनी काकीचं बोट टोचलं आणि आकडा वहीत लिहिताना माझा हात थांबला. तीनशे चाळीस. काकीनं तो माझ्या तोंडावरूनच ओळखला.

"कुणाला बोलू नगंस," ती म्हणाली. "सुनंला मी सांगीन."

मी बोलले नाही. कुणाचा आजार कुणाला सांगायचा नाही असा आमचा नियमच आहे. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला नियम आठवला नव्हता. मला तिची भीड पडली होती.

कारण तोवर बनुकाकी नुसती आमची राहिली नव्हती. पंचवीस वर्षं ती पंचक्रोशीत लग्नाचा, बारशाचा, जत्रेचा स्वयंपाक करत होती. चारशे माणसांचं मटण एकटी उतरवायची. हात सैल. खोबरं सढळ, तेल त्याहून सढळ, आणि रश्श्यावर बोटभर तवंग आल्याशिवाय ती पातेलं खाली घ्यायची नाही. मुलगा धनाजी फौजेत. लॉकडाऊनमध्ये त्याची सुट्टी रद्द झाली, तेव्हा सून अंकितानं सासूचा तांबडा रस्सा मोबाईलवर टिपला आणि त्याला पाठवला. त्याच्या बराकीत तो सगळ्यांनी पाहिला, आणखी मागितला. मग अंकितानं तो यूट्यूबवर टाकला. काकी त्यात घाम पुसत म्हणाली होती, "तेलाला हात आखडू नगासा. खाणाऱ्याचा जीव भरला पायजे."

ते वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. दोन वर्षांत ती लाखो माणसांची 'बनुआजी' झाली. पुण्याची माणसं गाडी काढून तिच्याबरोबर फोटो काढायला यायची. एका तेलाच्या कंपनीनं चुलीशेजारी आपला डबा ठेवायला लावला. घराला स्लॅब झाला. गावाच्या कमानीपाशी तिच्या नावाचा फलक लागला.

आणि ती स्वतः काय खात होती? मागच्या पडवीत बसून ज्वारीची अर्धी भाकरी आणि बिनतेलाची मेथी. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ती एक घास तोंडात घालून डोळे मिटायची. कॅमेरा बंद झाला की उठून मोरीत थुंकून यायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं. अंकितानं माझ्याकडं पाहिलं आणि दोघींनी नजर फिरवली.

एकदाच मी धीर करून म्हणाले, "काकी, तेल जरा कमी दाखवा की."

"मी काय कुणाच्या तोंडात कोंबती व्हय?" ती तडकली. "माणसं बघत्यात. कामावरनं दमून आलेली माणसं. कुणी आई नसल्यालं, कुणी हॉस्टेलावरलं. बघूनच त्यांचं पोट भरतं."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडं डबाभर मटण पाठवलं आणि आम्ही घरात सगळ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. काकीच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती भरत नव्हती. मी पट्टी बदलायला गेले होते. अंगणात शूटिंगची तयारी चाललेली. तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, हातात कापडी पिशवी.

"फोटो नंतर हं ताई," अंकिता म्हणाली.

"फोटू नगं," बाई म्हणाली. "मी मंगल. कवठे महांकाळकडनं आल्ये. सांगलीला गाडी बदलली. कमानीवरचं नाव व्हिडिओत दिसतं, त्यावरनं हुडकत आले."

काकीनं तिला पाणी दिलं. मंगल भिंतीला टेकून बसली आणि शांतपणे सांगू लागली. तिचा नवरा धुळा. बापजादे मेंढरं राखायचे, हा जेसीबी चालवतो. दिवसभर मशीनवर बसून काम. घरी आला की ताटापुढं मोबाईल उभा करायचा, त्यात बनुआजी. आजी करते तसंच करायला लावायचा. तेलही त्याच डब्यातलं. रक्तदाब होता, विडी होती, गोळ्या मध्येच सोडायचा. श्रावणात एका सकाळी ब्रश करताना तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. वय सेहेचाळीस.

"डाक्टर म्हणत्यात तेल न्हाई, मीठ न्हाई, मटण न्हाई," मंगल म्हणाली. "मी करती तसं. त्ये डाव्या हातानं ताट ढकलत्यात. बोलायला येत न्हाई धड, पर तुमचं नाव तेवढं येतं. आजी, आजी. मावशी, मी भांडाय आल्ये न्हाई. त्यांना काय करून घालू, तेवढं सांगा. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकत्यात."

चुलीवर तेल तापून धूर निघत होता. काकीनं पातेलं उतरवलं.

"तुमच्यात पयलं काय खायाचे?" तिनं विचारलं.

"सासू हुलग्याचं माडगं करायची. बाजरीची भाकरी, ताक. घोळाची भाजी. पर ह्ये म्हणायचे, त्ये गरिबाचं खाणं."

काकी खाली मान घालून बसली. मग तिनं पट्टी बांधलेला पाय पुढं केला. "मला बी साखर हाय, बाई. तीन वर्सं झाली. व्हिडिओतलं मी काईच खात न्हाई."

"आत्ती!" अंकिता सासूला अडवत ओरडली.

मंगल त्या पायाकडं बघत राहिली. ती चिडेल असं मला वाटलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मग आमाला का सांगितलं न्हाईसा?"

काकीनं पाय पदराखाली ओढून घेतला. मी पट्टीचं सामान आवरायला घेतलं.

दोन दिवसांनी काकी मंगलच्या गावाला निघाली. मी नको म्हणाले, अशा पायानं एवढा प्रवास. ती ऐकेना, म्हणून मी बरोबर गेले. एसटीत तिनं पाय समोरच्या बाकाखाली लांब केला आणि सगळी वाट ती खिडकीबाहेर बघत होती. ऊस संपला, द्राक्षाच्या बागा आल्या, मग माळ सुरू झाला.

धुळाचं घर पत्र्याचं, स्वच्छ. तो बाजेवर होता. काकीला पाहिल्यावर त्याचा अर्धा चेहरा हसला. "आजी," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं चुलीकडं बोट केलं. त्याला रस्सा हवा होता.

काकीनं पदर खोचला. हुलगे भाजले, दळून घेतले, पीठ पाण्यात शिजवलं, लसूण ठेचून घातला, मीठ चिमटीनं. मंगल बाजूला उभी राहून बघत होती. खरं तर तिला हे काकीपेक्षा चांगलं येत होतं. काकीनं वाटी धुळापुढं धरली. त्यानं एक घोट घेतला आणि मान फिरवली.

"ह्ये... न्हाई," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. चिडल्याचं होतं की कशाचं, मला कळलं नाही.

काकी जमिनीवर बसली. दुसरी वाटी भरून घेतली आणि त्याच्यासमोर स्वतः प्याली, सावकाश, शेवटपर्यंत. मग कनवटीची गोळी काढून त्याला दाखवली आणि पाण्याबरोबर गिळली. "धुळा, मी ह्येच खाती," ती म्हणाली. "व्हिडिओतलं समदं ढोंग हाय. घास मी थुकून टाकती." मग त्यानं तोंड उघडलं. मंगलनं त्याला अर्धी वाटी भरवली.

परतल्यावर काकीनं अंकिताला कॅमेरा लावायला सांगितलं. त्या दोघींचं भांडण मी दारातून ऐकलं. अंकिता रडत होती. "तुमच्यामुळं लोक आजारी पडले असं कोण म्हणतंय? विडी ओढणारा, गोळ्या न घेणारा माणूस, त्याचं पाप तुम्ही का घेता? आणि धनाजी सुट्टीला येतात ते घर कशावर उभं राहिलंय?"

"समदं पाप माझं न्हाई," काकी म्हणाली. "पर माझ्या वाटणीचं हाय त्ये तर घिऊ दे."

व्हिडिओ चार मिनिटांचा झाला. काकीनं पाय दाखवला, गोळ्या दाखवल्या, घास थुंकायची ते सांगितलं. रस्सा वाईट नाही, जत्रेला खायचा असतो, रोज नाही, एवढंच म्हणाली. कंपनीनं आठवड्यात डबा परत नेला. खाली माणसांनी वाट्टेल ते लिहिलं. कुणी म्हणालं खोटारडी म्हातारी. कुणी म्हणालं आमच्या बापाला परत आण. काही जणींनी लिहिलं, आजी, माडगं कसं करायचं ते नीट दाखवा. पण त्या थोड्या. पुढचा माडग्याचा व्हिडिओ पाहिला तो जेमतेम गावाएवढ्या माणसांनी.

धुळा उन्हाळ्यात गेला. दुसरा झटका आला. मंगलचा फोन मी स्पीकरवर टाकून काकीच्या हातात दिला.

"खात हुता का गं?" काकीनं विचारलं.

"एक दिस खायाचे, दोन दिस ढकलायचे," मंगल म्हणाली. "भावाकडनं चोरून भजी मागवायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायची. दमले हुते मावशी मी."

"व्हय," काकी म्हणाली. शेवटी मीच फोन बंद केला.

पावसाच्या तोंडावर काकीचा तो अंगठा सांगलीच्या दवाखान्यात काढून टाकला. धनाजी सुट्टी घेऊन आला होता. नळाची गळती काढली, पडवीला पायरीऐवजी उतार करून दिला आणि गेला.

आता अंकिताचं स्वतःचं चॅनेल आहे. चीज घातलेला पराठा, बटरमध्ये बुडालेली भाजी, असलं काही. कंपनी दुसरी, डबा दुसरा. काकीच्या वेळेपेक्षा जास्त लोक बघतात म्हणे. मला तिचा राग येत नाही. घराचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे, आणि लोकांना हेच बघायचं असतं.

परवा गेले तेव्हा काकी अंकिताच्या शूटिंगसाठी लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसले आणि चार पाकळ्या सोलायला घेतल्या. आतून तापलेल्या लोण्याचा वास येत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते काकीला कळलं.

"जा, खाऊन ये जा," ती म्हणाली. "गरम हाय तवर."

मी उठले नाही. पण उठावंसं वाटलं नाही असं म्हणणार नाही.