टाकीतला समुद्र

दुष्काळात संगमनेरला आम्ही बायका टँकरपुढे हंड्यासाठी भांडायचो, आणि माझ्या घरात काचेच्या टाकीत समुद्र होता! यजमानांनी मुंबईहून बोटभर लांबीचा नारिंगी एंजल मासा आणला होता, सोबत समुद्राच्या पाण्याचे कॅन. उन्हानं टाकी आटली की ते कॅनमधलंच पाणी ओतत. "तुझ्या हंड्याला हात लावत नाही," असं वर मलाच ऐकवत. पुढे मासा धापा टाकू लागला. मुंबईहून आलेले धाकटे दीर म्हणाले, "दादा, पाणी उडतं, मीठ खालीच राहतं. वरून गोडं पाणी घालायचं असतं." यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. घरात एकच भरलेला हंडा होता. मी त्यावर झाकण ठेवलं आणि हात तसाच दाबून धरला.