हेस्टरबाई आणि शेवटचं स्तोत्र

कोम्बली गावात चर्च आधी आलं की 'लॅम्ब' पब, यावर अजून वाद होतात. वाद कसला त्यात? चर्च बांधणाऱ्या गवंड्यांना आधी प्यायला लागलंच असणार की! हेस्टर पोकॉकही हेच ठणकावून सांगायची. पबवाल्या आमोसशी लग्न करून ती पबात आली आणि पबाचीच झाली.

चर्च आणि पबामध्ये एक बुटकी भिंत, आणि एक जुना रिवाज. दफन उरकून खांदेकरी आले, की 'लॅम्ब'च्या फळीवर त्यांचे मग भरून तयार पाहिजेत. म्हणून दर मयताला शेवटचं स्तोत्र सुरू झालं की हेस्टर हळूच बाहेर सटकायची. शेवटचा आशीर्वाद तिला कधी मिळालाच नाही. पण बाईनं कधी कुरकुर केली नाही.

मग आमोसच गेला.

"आज तरी शेवटपर्यंत थांबायचंय गं मला," ती समोरच्या घरात राहणाऱ्या केझायाला म्हणाली. "पण ते मग भरणार कोण? खांदेकरी या घरातून कोरडे कधी गेले नाहीत. आमोसच्याच मयताला जाऊ देऊ?"

केझाया चॅपलवाली, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या कडक पंथातली, दारूच्या थेंबालाही न शिवणारी. 'लॅम्ब'ला ती सैतानाचं घर म्हणायची. उंबरा कधी ओलांडला नव्हता.

"मी भरते," ती म्हणाली.

"तू? पिंपाची तोटी कुठे असते ते तरी ठाऊक आहे का?"

"सापडेल. तू जा, नवऱ्याजवळ थांब."

शेवटचं स्तोत्र सुरू झालं तसं हेस्टरचं पाऊल सवयीनं दाराकडे वळलं. केझायाचा काय भरवसा? उंबऱ्याशीच अडली असली तर? पण तिनं बाकाची कड घट्ट धरली आणि जागची हलली नाही. आमोसला दिलेला आशीर्वाद तिनं अख्खा ऐकला. त्याला मूठमाती दिली आणि मगच ती घरी आली.

फळीवर सहा मग मांडलेले होते. तळाशी दोन बोटं बिअर, वर नुसता फेस. केझाया कोपरापर्यंत भिजून, मान खाली घालून उभी. एरवी असा मग कुणी पुढे केला असता, तर या सहा जणांनी त्याची बिनपाण्यानं केली असती.

आज त्यांनी मुकाट्यानं मग उचलले आणि फेसासकट रिकामे केले. हेस्टरनं स्वतःसाठी सातवा केझायाकडूनच भरून घेतला आणि एक घोट घेतला.

"कशी झालीय?" केझायानं घाबरत विचारलं.

"भिकार गं," हेस्टर म्हणाली, आणि तिच्या गळ्यात पडून त्या दिवशी पहिल्यांदा रडली.