ढोकीजवळ अडलेली गाडी

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या छातीत आठवडाभर जड वाटत होतं. त्या दिवशी अकरा वाजता धाराशिवला त्यांची अँजिओग्राफी होती. भावाची जीप गॅरेजमध्ये होती, म्हणून कळंबहून मी माझी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. माझ्या हौसेची गाडी. ढोकीजवळ अण्णांना गोळी द्यायला थांबलो, तिथंच चूक झाली. परत चावी फिरवली तर नुसतं खट्. पुन्हा खट्. बॅटरी तर महिन्यापूर्वीच नवी टाकलेली.

दहा वाजून गेले होते. उसाच्या ट्रॉल्या अगदी खेटून जात होत्या. "मी रिक्षा बघतो," म्हणालो.

"थांब जरा," अण्णा म्हणाले. एसटीच्या डेपोत त्यांनी जन्मभर बसचं वायरिंग केलेलं. "हेडलाइट लाव. आता मी सेल मारतो, तू पुढून बघ. उजेड कमी झाला का?"

मी पुढं जाऊन बघितलं, त्यांनी बसल्याजागी हात लांबवून चावी फिरवली. "न्हाय, तसाच आहे."

"मग बॅटरी चांगली आहे. डॅशबोर्डखाली चोकच्या केबलला हात लाव."

केबल चांगलीच तापली होती.

"अर्थिंग गेलंय, करंटची परतीची वाट तुटलीय. म्हणून तो त्या केबलीतून वाट काढतोय. इंजिनापासून बॉडीला एक जाड पट्टी जाते, ती बघ." ते दार उघडायला लागले. मी दार बाहेरून दाबून धरलं. "तुम्ही उतरायचं न्हाय." आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना दरडावलं. ते मागं टेकले, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

एका ट्रॅक्टरवाल्यानं पाना आणि चाकू दिला. पट्टीच्या बोल्टखाली नुसता गंज. चाकूनं खरवडताना दर मिनिटाला मी काचेतून त्यांच्याकडं बघत होतो. एकदा त्यांचे डोळे मिटलेले दिसले. मी हाक मारली.

"जागाच आहे. बोल्ट घट्ट आवळ."

पहिल्याच सेलला इंजिन लागलं. दवाखान्यात अर्धा तास उशिरा पोचलो. ब्लॉक निघाला, त्याच दिवशी स्टेंट टाकला.

चौथ्या दिवशी त्यांना आणायला मी दुरुस्त झालेली जीप घेऊन गेलो. पायऱ्या उतरताना त्यांनी विचारलं, "ती का न्हाय आणलीस?"

"तिची सीट तुम्हाला बसायला फार खाली पडती," मी म्हणालो. खरं तर सकाळी ती एका झटक्यात सुरू झाली होती, तरी मला तिचा भरवसा वाटेना.