काट्याचा शेरा

त्याला सगळे काटा म्हणायचे. सोनं तोलायच्या काट्यासारखा अचूक, म्हणून काटा. मोटारींच्या कारखान्यामागे चाचणीचा गोल रस्ता होता, त्यावर सव्वीस वर्षं तो नव्या गाड्या पळवून बघत आला होता. चाकात हवा जराशी कमी असली तरी मोजायच्या यंत्राआधी ह्याला कळायचं. "काट्याच्या बुडाला डोळे आहेत," असं कारखान्यातला म्हातारा वायरमन चारचौघांत म्हणायचा. काटा वरवर चिडायचा आणि आतून फुलून जायचा. माणसाला दुसरं काय हवं असतं हो? एका तरी कामात आपला हात कुणी धरू शकत नाही, एवढं चारजणांनी म्हटलं की झालं.

तर अशा ह्या माणसाचे तळपाय गेले होते. दिसायला धडधाकट, चालायलाही ठीक, पण तळव्यांना काही कळेना. रक्तातल्या साखरेनं नसा खाल्ल्या, असं डॉक्टर म्हणाले होते. एकदा जिना चढताना डाव्या पायातली चप्पल दुसऱ्या मजल्यावर निसटली आणि हा गडी चौथ्या मजल्यापर्यंत एकाच चपलेवर चढून आला. दार उघडलं तशी बायको त्याच्या पायाकडे बघतच राहिली. खाली गेली, चप्पल घेऊन आली आणि मग आत जाऊन रडली.

"अहो, सांगून टाका ना कामावर," ती म्हणायची.

"सांगू. ही गाडी बाहेर पडू दे, मग सांगू."

असं म्हणत दोन वर्षं गेली. बोटांची टोकंही हळूहळू बधिर व्हायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत काटा रोज सकाळी बुटांच्या नाड्या बांधायचा. त्याला भीती नोकरीची कमी आणि नावाची जास्त होती. सांगितलं की काटा संपला. मग उरायचा तो साखर झालेला एक म्हातारा, आणि असले म्हातारे काय, गल्लीत पैशाला पासरी.

आणि गाडीही नेमकी अशी आली होती, की जिचं सगळं ह्याच्या पायांवर अडलेलं. दोन दारांची, बुटकी, लाल, पळायला नुसती आसुसलेली स्पोर्ट्‌स कार. तिची दोन मॉडेलं निघणार होती. महागड्या मॉडेलात गिअरशेजारी एक गोल बटण होतं. ते फिरवलं की गाडीचा स्वभाव बदलायचा. चार मोड होते: शहरातला, आरामाचा, स्पोर्ट आणि शर्यतीचा. एकात स्टिअरिंग हलकं आणि खड्डे मऊ लागणार, दुसऱ्यात स्टिअरिंग जड आणि रस्त्याचा खडा न्‌ खडा अंगाला जाणवणार. स्वस्तातल्या बेस मॉडेलात बटणच नाही. तिथे एकच मोड, कंपनीनं ठरवून दिलेला, घ्या आणि गप चालवा. आता कंपनीची हुशारी बघा, भोक मात्र दोन्ही मॉडेलांना सारखंच! साचा एकच, म्हणून बेसच्या भोकावर नुसतं काळं झाकण बसवायचं. आपल्याला काय मिळालेलं नाही, ते गिऱ्हाइकानं आयुष्यभर बघत बसायचं.

चार मोडांमधला फरक खरंच कळण्याजोगा आहे की नाही, हे काट्यानं सांगायचं होतं. ते मोड जुळवण्यात एका तरुण इंजिनिअर मुलीनं तीन वर्षं घातली होती. ती त्याला काका म्हणायची.

चाचणीचे काट्याचे स्वतःचे नियम होते आणि त्या नियमांचा त्याला भारी तोरा होता. मोड दाखवणारा पडदा तो आधी चिकटपट्टीनं झाकायचा. "पडद्यावर वाचून तर कुणीही सांगेल. मग मी कशाला हवा?" कानात कापसाचे बोळे घालायचा, कारण आवाज माणसाला फसवतो. राहिलं फक्त अंग. अंग खोटं बोलत नाही, हे त्याचं लाडकं वाक्य.

त्या मंगळवारी तो नेहमीप्रमाणे तीन नंबरच्या जागेवर उभ्या असलेल्या लाल गाडीत बसला. दाराशी कोरलेला गाडीचा नंबर बघून कागदावर उतरवायचा, हा पहिला नियम. पण ह्या गाडीवर तो महिनाभर काम करत होता, नंबर तोंडपाठ होता, त्यानं न बघताच लिहिला. पडदा झाकला, कानात कापूस घातला आणि बारा फेऱ्या मारल्या. दर तीन फेऱ्यांनी बटण फिरवलं. बटण बोटाखाली टकटक करत सरकायचं.

आणि काय आश्चर्य, त्या दिवशी त्याला सगळं कळलं! आरामाच्या मोडात गाडी वळणावर जरा झुलली. स्पोर्टमध्ये स्टिअरिंग घट्ट झालं. शर्यतीच्या मोडात तर पुलाजवळचा रस्त्याचा सांधा थेट पाठीच्या कण्यात शिरला. कितीतरी दिवसांनी पायांत जीव आल्यासारखं वाटलं. त्यानं दोन पानं भरून शेरा लिहिला. फरक स्पष्ट आहे, चौथा मोड किंचित मऊ करावा, खाली सही. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "आज पायांना कळत होतं गं. अगदी पहिल्यासारखं." तिनं त्याचे पाय मांडीवर घेतले आणि तेल लावत बसली. त्याला तेलाचा हातही कळत नव्हता, पण तो आनंदात होता.

बुधवारी सकाळी वायरमन त्याला आडोशाला घेऊन गेला. खिशातून एक गोल बटण काढून त्यानं काट्याच्या तळहातावर ठेवलं.

"काट्या, काल कुठली गाडी नेलीस?"

"तीन नंबरची. का रे?"

"तीनला बेस मॉडेल उभं होतं. जाहिरातीचे फोटो काढायला आले होते ना परवा, त्यांना बटणवाली गाडी हवी होती आणि तुझी तेव्हा तपासणीला वर्कशॉपात गेली होती. म्हणून मी बेसचं झाकण काढून नुसतं बटण बसवून दिलं. गाडी त्यांनी परत लावली ती तुझ्या जागेवर." वायरमननं खाली मान घातली. "खाली वायर नव्हती रे. एकही."

काटा बटणाकडे बघत राहिला. बारा फेऱ्या एकाच मोडात मारल्या होत्या. झुलणं, घट्ट होणं, कण्यात शिरलेला सांधा, सगळं त्याच्याच डोक्यातून आलं होतं. त्याला इतकी लाज वाटली, की वायरमनकडे बघवेना.

"मी मुका," वायरमन म्हणाला. "कुणाला ठाऊक नाही. तो शेरा फाड, आज खरी गाडी ने आणि नवा लिही. चूक काय, कुणाच्याही हातून होते."

काट्यानं खरी गाडी नेली. ह्या वेळी दाराशी वाकून नंबर दोनदा वाचला. ट्रॅकवर गेल्यावर बूट काढले, मोजे काढले आणि उघड्या पायांनी चालवली. पहिला मोड, चौथा मोड, पुन्हा पहिला. काहीतरी कळत होतं. पण ते गाडीत होतं की त्याच्या मनात, हे काही केल्या सांगता येईना. कालही असंच तर कळलं होतं. पुलापाशी गाडी थांबवून तो घटकाभर बसला. फरक आहे म्हणून लिहावं तर ती थाप, आणि फरक नाही म्हणून लिहावं तर त्या पोरीची तीन वर्षं पाण्यात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा शेऱ्याचा कागद कोरा घेऊन तो परत आला.

दहाच्या बैठकीत साहेब होते आणि ती इंजिनिअर मुलगी होती. काट्यानं कालचा शेरा आणि बटण, दोन्ही टेबलावर ठेवलं.

"हा शेरा खोटा आहे," तो म्हणाला. "ज्या गाडीला मोडच नाहीत, तिचे मी चार मोड लिहिलेत. माझे पाय गेलेत साहेब. दोन वर्षं झाली. हातही जायला लागलेत. मी लपवलं. गाडीत फरक असेल, ह्या पोरीचं काम चोखच असतं. मला तो सांगता येत नाही. मला काढून टाका."

बोलून झाल्यावर त्यानं आजचा कोरा कागदही शेऱ्याशेजारी ठेवला.

ती मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"दीड वर्षापूर्वी सगळ्या गाड्यांना मोजायची यंत्रं लावली ना, तेव्हापासून तुमचे शेरे आकड्यांशी जुळत नव्हते. म्हणून मग गाडी आकड्यांवरच जुळवत गेलो. तुमचे शेरे फाइलला लावतो. तुमचं मन मोडवेना काका, म्हणून कुणी बोललं नाही."

दीड वर्ष! मूठ कधीचीच उघडी पडली होती. ती झाकलेली आहे असं वाटत होतं ते फक्त त्याला एकट्याला. पावसापाण्यात मारलेल्या फेऱ्या, घरी पाठ शेकत लिहिलेली पानं, कुठला मोड किती मऊ करावा ह्यावर घातलेले वाद, ह्यातलं काहीच कुठल्याही गाडीपर्यंत पोचलं नव्हतं. त्यानं टेबलावरच्या बटणाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"बसा हो, उभे का?" साहेब मायेनं म्हणाले, आणि तीच माया त्याला सोसवेना. "काढायचं कशाला? उद्यापासून गाडी ही पोरगी चालवेल, तुम्ही नुसते शेजारी बसा. जाहिरातीत तुमचं नाव छापलंय, सव्वीस वर्षांच्या अनुभवी हातानं पारखलेली गाडी म्हणून. आम्हाला तुमचे पाय लागत नाहीत, सही लागते. पगार आहे तोच राहील."

चिडून ओरडावं, असं काट्याला वाटलं. पण पुढच्या महिन्याची औषधं होती, घर होतं, आणि चूक तर त्याचीच होती. तो "बरं" म्हणाला.

संध्याकाळी जिना चढताना त्यानं दर मजल्यावर थांबून दोन्ही पायांकडे बघितलं. दोन्ही बूट जागेवर होते. बायकोनं दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघून तिथेच थबकली.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग? काय म्हणाले?"

"उद्या वेळेवर या म्हणाले."

"बाई गं, देव पावला!" तिनं पदरानं डोळे टिपले. "बघा, आणि तुम्ही उगाच घाबरत होता दोन वर्षं. म्हणजे त्यांना तुमची गरज आहे ना."

"आहे ना," काटा म्हणाला, आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बधिर बोटांना गाठ सापडेना. शेवटी तिनंच खाली बसून सोडली.