गुडघ्याचा एक्स-रे

माणसानं भरवसा ठेवावा तर कुणावर, तुम्हीच सांगा. मी ठेवला स्वतःच्या गुडघ्यावर, अन् अशी फजिती करून घेतली म्हणता!

तेलगावात माझं पाइपांचं दुकान. कुणाचं ठिबक चोंदलं की लोक मलाच बोलावतात. अन् मागल्या दुष्काळात चोंदलं कुणाचं? माझंच! न्हाणीत जाऊन उभं राहावं, वाट बघावी, अन् धार कसली, नुसतं ठिबक! आता हे कुणाला सांगणार?

सोसायटीच्या मिटिंगमध्ये तर कहर झाला. दर ठरावाला मी उठून बाहेर. चेअरमन तापले, “शेठ, तुमचा विरोध कशाला हाय ते तरी बोला!”

“विरोध न्हाई हो, गुडघा आखडतोय!” मी सांगून मोकळा.

ते घरी पोचलं. माझी बायको कमल रोज गुडघ्याला तेल चोळू लागली. मीही लंगडू लागलो. कधी डावा, कधी उजवा, आठवेल तो!

एक मात्र मला खटकायचं. मी न्हाणीत गेलो की ही दाराबाहेर बसून एका तांब्यातलं पाणी दुसऱ्या तांब्यात ओतत राहायची. टँकरचं पाणी! मी आतून ओरडायचो, “अगं, पाण्याशी काहून खेळतीस?”

“खेळू द्या की. सांडत न्हाई.”

शेवटी ठिबकही थांबायला आलं, तेव्हा घाबरून बीड गाठलं. डॉक्टर म्हणाले, “लघवीचा मार्ग कुठंतरी आवळलाय. फोटो काढून बघू. अजून दडवलंत तर एक दिवस पुरतं बंद होईल.”

फोटोच्या दिवशी कमल पिशवी घेऊन तयार!

“गुडघ्याचा तर एक्स-रे हाय. तू कशाला?”

“लंगडताना धरायला.”

आत एक्स-रेवाल्यानं मला टेबलावर कुशीवर निजवलं अन् पुढून, लघवीच्या वाटेनं, औषध भरून एक फोटो घेतला. ते औषध फोटोत पांढरं दिसतं, म्हणजे नळी कुठं आवळली ते कळतं. आम्ही पाइपात रंगीत पाणी सोडून गळती शोधतो, तसंच. फक्त पाइप ओरडत नाही!

“आता उभं राहून लघवी करा काका. चालू असतानाच दुसरा फोटो घ्यायचाय.”

समोर मशीन, शेजारी परका माणूस. होईल का हो? घाम फुटला, पण तिकडं काही फुटेना!

“जरा नळ सोडा की,” मी म्हणालो. “आवाजानं होईल.”

“नळाला पाणी कुठंय काका? दुष्काळ हाय!”

झालं! आता फोटो नाही, अन् फोटो नाही तर इलाज नाही. मी डोळे मिटले.

तेवढ्यात दाराबाहेर आवाज आला. खळ्ळ… खळ्ळ… तांब्यातून तांब्यात.

फोटो झाला हो! आवळलेली जागा अशी लख्ख आली की डॉक्टर खूश. पुढं त्यांनी दुर्बिणीनं वाट मोकळी करून दिली.

पण त्या दिवशी बाहेर आलो, तर कमल तांबे पिशवीत भरत होती. माझा चेहरा पडला.

“तुला कवापासून ठाऊक हाय?”

“पहिल्यापासून. गुडघ्याला न्हाणीत इतका वेळ लागतो व्हय? आपली तिन्ही लेकरं मी अशीच आवाज करून मोकळी केली. चौथे तुमी.”

“मग रोज तेल काहून चोळलंस?”

“तेवढंच तुमी जवळ बसत होता.”

आजही न्हाणीतून बाहेर आलो की विचारते, “गुडघा कसा हाय?” मी जे असेल ते सांगतो. दुकानातल्या हिशेबाचं तुमचं तुम्ही बघा; पण घरच्या माणसापुढं तेवढा हिशेब खरा ठेवा बरं.