ग्रंथालयामागची विहीर

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, पण ऐकून माझी समजूत घालू नका — समजुतीची मला तिडीक येते.

आमच्या विद्यापीठाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. उभी नोकरी तिथंच गेली, दुसऱ्या कुणाकडं जाणार? शाळेच्या उसन्या खोल्यांत भरलेले पहिले वर्ग, मग माळावरची पहिली इमारत, वसतिगृह, ग्रंथालय — सगळं चोख लिहिलं. पहिल्या प्रकरणात तेवढी माती खाल्ली.

संपादक बाईंनी सरळ विचारलं होतं, "सर, इमारतींच्या आधी त्या माळावर कोण राहायचं?"

कोण राहायचं? माझा आजा राहायचा! ग्रंथालयामागं बुजवलेली विहीर आहे ना — ती त्यानं खोदली. आमची मेंढरं तिथं बसायची. पहिल्या इमारतीच्या विटा त्याच पाण्यात भिजल्या, आणि ते पाणी माझ्या बापानं उपसलं. मग सगळी जागा विद्यापीठाकडं गेली, मेंढरं घेऊन आम्ही करमाडकडं सरकलो. हे सगळं मला पाठ होतं. आणि मी बाईंना म्हणालो, "कुणीच नाही."

का? कारण विभागात मी करमाडच्या बागाईतदाराचा मुलगा म्हणून मिरवत होतो. मेंढरांमागं वाढलो हे सांगायची लाज — प्राध्यापक होऊनही! सांगितलं असतं तर काय झालं असतं? चहा पिऊन सगळे विसरले असते. या भेकडपणाचाच संताप येतो.

ग्रंथ छापून पडेगावच्या घरी आणला. बा माझ्याकडंच असतो. त्याला अक्षरओळख नाही.

"आपली हीर लिवली का रं?"

"व्हय बा, लिवली."

"कुठं?"

मी त्याचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं. ओळ अशी होती — 'हा माळ पूर्वी ओसाड होता. येथे मनुष्यवस्ती नव्हती.' दुसरी ओळ सापडली नाही मला? अख्ख्या ग्रंथात?

त्यानं त्या पानात तंबाखूच्या पुडीचा कागद खूण म्हणून घातला. येईल त्याला उघडून दाखवायचा; लोक नुसती मान डोलवायचे, ओळ कुणी वाचायचं नाही. मी बघत बसायचो.

मग फर्दापूरहून आत्याचा मुलगा आला. सातवी शिकलेला. बानं ओळीवर बोट ठेवलं आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली — शेवटपर्यंत.

बानं माझ्याकडं पाहिलं. मग ग्रंथ हिसकावून घेतला आणि त्याच्यावरच खेकसला, "सातवी शिकून बी नीट वाचता येईना व्हय रं तुला?"

आत्येभाऊ ओशाळला. बानं तो कागद काढून टाकला, ग्रंथ माझ्या कपाटात ठेवला. विहिरीचं नाव पुन्हा काढलं नाही.

परवा आत्येभावाचा फोन आला. "दादा, त्या दिवशी माझंच वाचायचं चुकलं," म्हणाला. "मामाला लई राग आला."

मी म्हणालो, "व्हय."